कुलूप आहे तर कुलूपच लिहू द्या

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि समस्त सभासद,
आमच्या गावाचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ, आणि कोकणातल्या ज्या-ज्या गावांच्या मंडळांत हाच मेसेज फिरतोय ती सगळी मंडळं

सप्रेम नमस्कार.

मेसेज मलाही आला. आधी भावकीच्या ग्रुपवर, मग वाडीच्या, मग शाळेतल्या जुन्या मुलांच्या. मजकूर सगळीकडे तोच. जनगणना येतेय, प्रत्येक चाकरमान्यानं आपल्या कुटुंबाची नोंद गावच्या घरावर करायची, फेब्रुवारीत घरटी एक माणूस गावात हजर ठेवायचा, मोजणारा दारात आला की सगळ्यांची नावं सांगायची. खाली 'गाव वाचवा' आणि हात जोडल्याची तीन चित्रं.

सभेत हे ठरलं असेल तर माझा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं आणि १९९१, २००१, २०११ या तिन्ही जनगणनांना प्रगणक म्हणून घरोघर फिरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की गावाची चर्चा होते आणि मुद्दा राहतो बाजूला. संगमेश्वर, लांजा, राजापूर, कुठलंही धरा.

तुमची भीती खोटी नाही, हे आधीच कबूल करतो. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, २०११ साली १६,१५,०६९ उरली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. माणसं घटली ती राज्यात फक्त तीन जिल्ह्यांत: आपले दोन आणि मुंबई शहर. त्या तिसऱ्याबद्दल पुढे बोलतो.

घटीची किंमत आपण आधीच मोजलेली आहे. २००१ च्या आकड्यांवर मतदारसंघांची फेररचना झाली, आणि २००९ च्या विधानसभेला रत्नागिरीच्या सात जागांच्या पाच झाल्या. खेड गेलं, संगमेश्वर गेलं. सिंधुदुर्गाच्या चाराच्या तीन झाल्या. रत्नागिरी आणि राजापूर हे लोकसभेचे दोन मतदारसंघ होते, त्यांच्या जागी एक रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला आणि वरचा तुकडा रायगडला जोडला गेला. गंमत अशी की २००१ साली आपण घटलोही नव्हतो. फक्त बाकीच्यांपेक्षा हळू वाढलो होतो. ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला तेव्हा २४ जागा आल्या, पालघर त्यातच होतं. त्या २४ जागांच्या मतदारांत कोकणातली माणसं किती असतील हे मंडळाच्या खजिनदाराला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आपलीच माणसं, आपल्याकडून वजा करून तिकडे मिळवलेली.

ग्रामपंचायतीचंही तसंच. सदस्य सात की नऊ की अकरा, निधी किती, पाण्याच्या योजनेत डोकी किती धरायची, शाळेत शिक्षक किती, सगळं आकड्यावर. म्हणजे तुमचं गणित मला कळतं. तरी ते चुकतंय.

हेच गणित एका अख्ख्या राज्यानं करून पाहिलंय. नागालँडची लोकसंख्या १९९१ साली १२,०९,५४६ होती. २००१ च्या जनगणनेत ती १९,९०,०३६ भरली. दहा वर्षांत ६४ टक्के वाढ, देशात सर्वांत जास्त. फेररचना तोंडावर आलेली, प्रत्येक गावाला वाटलं की शेजारचं गाव वाढवून सांगणार, मग आपण का मागे राहा. कुणी एकानं बसून कट केलेला नव्हता. प्रत्येकानं दुसऱ्याकडे बघून थोडं-थोडं घातलं. पुढे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच तो आकडा मानायला नकार दिला. २०११ साली पुन्हा मोजलं तर १९,७८,५०२. ना युद्ध, ना दुष्काळ, आणि राज्याची लोकसंख्या कागदावर खाली आली. खोटा आकडा खाली उतरला की त्यातून खरी वाढ किती, खरी घट किती, हे नंतर कुणालाच नीट वेगळं करता येत नाही. तुमच्या मेसेजात 'शेजारच्या गावानं सुरुवात केलीय' असं एक वाक्य आहे. ते वाचून मला नागालँडच आठवलं.

आता मोजणीचा नियम काय ते सांगतो, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं तो वाचलेला दिसत नाही. तुम्ही जन्मलात कुठे, सातबारा कुठे, कुलदैवत कुठलं, मतदार यादीत नाव कुठे, यातल्या कशाशीही संबंध नाही. माणूस एरवी राहतो कुठे, एवढंच बघायचं. मोजणीचा सगळा काळ घराबाहेर असेल, तर जिथे सापडेल तिथे. एक माणूस, एक जागा. या वेळी घरांची यादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि हिशेबाची वेळ १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. मोबाइलवरून स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय आहे, आणि मला वाटतं तुमच्या सगळ्या बेताचं मूळ तिथंच आहे. विरारला सोफ्यावर बसून गावचं नाव लावता येईल असं कुणाला तरी सुचलं. खोटी माहिती दिली तर १९४८ च्या जनगणना कायद्याखाली हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हजार रुपयांना आज कुणी भीत नाही, ते सोडा.

१९९१ ची गोष्ट सांगतो. तेव्हा मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी, आणि हिशेब १ मार्चच्या सूर्योदयाचा. त्या वर्षी होळी पौर्णिमा नेमकी २८ फेब्रुवारीला आली. सव्वीस वर्षांचा मी, नवीन नोकरी, काखेत तक्त्यांचा गठ्ठा, आणि गावात शिमगा. प्रत्येक घर भरलेलं. पडवीत माणसं, खळ्यात माणसं, सहाणेवर पालखी. मी विचारलं की घरात कोण-कोण राहतं, तर अकरा, चौदा, सतरा अशी उत्तरं. मी म्हणायचो, इथे राहणारे सांगा. तर ते म्हणायचे, मग हे काय झाडावर राहतात? एका म्हाताऱ्यानं माझा हात धरून सांगितलं, "गुरुजी, जलम हकडचा, मराण हकडचा, मंग मोजनी तकडं कशाला?" मला उत्तर आलं नाही. मी त्याच्या मुलांची नावं लिहिली नाहीत. त्यांच्या लालबागच्या खोलीत मोजणारा आठवड्यापूर्वीच येऊन गेला होता. म्हातारा पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

त्याच फेरीत वरच्या वाडीत एक गडी भेटला. पेशा काय, तर "गिरणी कामगार". कुठली गिरणी, तर नाव सांगितलं. सध्या काय करता, तर "संप चालू हाय". दत्ता सामंतांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. म्हणजे नियमानं त्या माणसाचं म्हणणं बरोबर होतं. नऊ वर्षं तो संपावर होता आणि दरम्यान भात लावत होता. तक्त्यात मी त्याला शेतकरी लिहिलं. त्यानं ते वाचलं, काही बोलला नाही, फक्त पेन परत देताना म्हणाला, "तुमच्या मनाला येल ते लिवा."

तेव्हापासून मला वाटतं की आपल्या लोकांना कुठल्याच चौकटीत धड बसवता येत नाही. २०११ च्या तक्त्यात एकोणतीस प्रश्न होते. त्यात यापूर्वी कुठे राहत होता आणि तिथून का हललात, असाही प्रश्न होता. कारणं ठरलेली: काम-नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत, इतर. माझ्या यादीत एक वहिनी होत्या. लग्न होऊन पलीकडच्या खोऱ्यातून गावात आल्या, नवऱ्याबरोबर परळला गेल्या, तिथे खानावळ चालवली, गिरणी बंद पडल्यावर मुलांना घेऊन परत आल्या, मग नवरा गेला. त्यांच्या नावापुढे खूण कुठे झाली? 'कुटुंबासोबत'. दहा-बारा गड्यांना दोन वेळा जेवू घालणारी बाई, कागदावर नवऱ्याच्या सामानाबरोबर हललेली.

रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, राज्यात सर्वांत जास्त. दर ८ मार्चला कुणीतरी पुढारी हा आकडा वाचून आपल्या संस्कृतीची पाठ थोपटतो. शून्य ते सहा वयात मात्र आपल्याकडेही मुलगेच जास्त आहेत. तो ११२२ आकडा संस्कृतीचा नाही, बाहेर गेलेल्या पुरुषांचा आहे. असो.

सर्वांत महत्त्वाचं मला पुढचं वाटतं, म्हणून ते सविस्तर लिहितो. २०११ चा फेब्रुवारी. हापूसच्या बागेत मोहोराची राखण चाललेली. बागेच्या टोकाला पत्र्याचं खोपट, दारात बारीकशी शेकोटी, नेपाळी नवरा-बायको आणि पाठीला बांधलेलं तान्हं मूल. मी तक्ता काढला. बागवाले मालक बरोबर होते. म्हणाले, "गुरुजी, त्यांना कशाला लिहिताय? ते आपले नव्हेत." मी म्हटलं, वकिलातीतले लोक सोडले तर परदेशी माणूससुद्धा मोजायचाच असतो, आणि हा तर महिनोन् महिने इथे राहतोय. लिहिलं. मग मालकांच्या घरी गेलो. तिथे त्यांनी स्वतःचं कुटुंब सांगितलं आणि त्याला जोडून कांदिवलीच्या भावाची चार नावं सांगायला सुरुवात केली. समोर शेकोटी करून बसलेला माणूस गावात नाही, आणि त्या क्षणी लोकलला लटकलेला माणूस गावात आहे! मालक वाईट नाहीत. आजही आमचे संबंध चांगले आहेत. गाव म्हणजे कोण, याचं त्यांचं उत्तर वेगळं होतं आणि तक्त्याचं वेगळं, इतकंच.

ते नेपाळी कुटुंब पुढे बारमाही राहिलं. २०१६ च्या जूनमध्ये माझ्या शाळेचा पट एकोणीसवर आला. वीसच्या खाली गेलेल्या शाळा बंद करायची चर्चा तेव्हा जोरात होती. विसावं नाव त्या पाठीवरच्या पोराचं लागलं. त्यानं पहिलीत 'गणपती'तला ण माझ्याकडून गिरवून घेतला आणि आपल्या गावच्या मुलांपेक्षा सुवाच्य काढला. शाळा तेव्हा वाचली ती त्याच्यामुळे, तुमच्यातल्या कुणाच्या मुलामुळे नाही. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडा टोमणा आहेच. आज आपल्या बंदरांत बोटीवरचे खलाशी कुठले आहेत, चिऱ्याच्या खाणीत कोण राबतंय, मुंबई-गोवा रस्त्यावर डांबर कोण ओततंय, एकदा बघा. गावं रिकामी होताहेत हे खरं, पण ती नुसती रिकामी होत नाहीत. तुमच्या मेसेजप्रमाणे मोजलं तर जे गेलेत ते दिसतील आणि जे आलेत ते नाही.

आता तुमच्याबद्दल. आपलं जाणं हे कधीच एकट्यादुकट्याचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या जनगणनांतही मुंबईत राहणाऱ्या पण बाहेर जन्मलेल्या लोकांत रत्नागिरी जिल्हा पुढे होता, तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता. आपले पणजोबा गेले ते गावकीच्या खोलीत. एका खोलीत गावचे वीस-तीस गडी, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. एकाला साच्यावर काम मिळालं की त्यानं मेहुण्याला बोलवायचं, मेहुण्यानं चुलत्याला. तुमचं मंडळ म्हणजे त्या खोलीचंच पुढचं रूप. आणि ज्या दहा वर्षांत आपला जिल्हा घटला त्याच दहा वर्षांत ती खोलीही गेली. मुंबई शहर जिल्हा २००१ ते २०११ मध्ये ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आला. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले आणि लालबाग-परळची आपली माणसं नालासोपारा, दिवा, बदलापूरला सरकली. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. तुम्ही दोनदा उठलात. एकदा गावातून, एकदा गिरणगावातून. दुसऱ्यांदा उठलात तेव्हा 'लालबाग वाचवा' म्हणून कुणी जनगणनेत नावं घातली नाहीत.

भीतीनंही आपण एकत्रच हललो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सापडला आणि पुढच्या पाचेक महिन्यांत शहरातली जवळपास निम्मी माणसं बाहेर पडली. १९०१ च्या जनगणनेत मुंबई दहा वर्षांपूर्वीपेक्षा लहान भरली होती. २०२० चं तर तुम्हीच सांगा. तुम्ही रात्रीचे चालत, टेम्पोत, पास काढून आलात आणि गावची शीव ओलांडायच्या आधी आडवा बांबू. माझ्या शाळेत विलगीकरण होतं. चौथीच्या वर्गात ज्याला मी पाढे शिकवले तो त्याच वर्गात चौदा दिवस सतरंजीवर झोपला, आणि त्याच्या सख्ख्या काकांनी डबा फाटकाच्या बाहेर ठेवला. ज्या गावानं पालखीला तुमची वाट पाहिली त्याच गावानं तुम्हाला फाटकावर थांबवलं. यात कुणी क्रूर नव्हतं. पहिल्या वाडीनं बांबू लावला, दुसरीला वाटलं आपणच उघडे पडलो, तिसरीनं मग विचारलंही नाही.

माझी मुलगी समाजशास्त्र शिकली. तिनं मला मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७८ सालचा एक दाखला सांगितला होता. चौकात शंभर माणसं उभी आहेत. एक जण असा की कुणी काही न करताही दगड मारेल. दुसरा, एकानं मारला तर मारेल. तिसरा, दोघांनी मारला तर. असे शंभर. दंगल होते. आता यातला फक्त दुसरा माणूस बदला, त्याच्या जागी दोघांचं बघून मारणारा ठेवा. दगड एकच पडतो आणि सगळे घरी जातात. लांबून बघणाऱ्याला वाटतं एक गाव दंगलखोर आणि दुसरं शांत. माणसं जवळजवळ तीच होती.

मी हे आमच्या वाडीला लावून पाहिलं. २००१ साली चौदा घरं, चौदा चुली. पहिलं घर बंद झालं तेव्हा काही बिघडलं नाही. दुसरं बंद झालं तेव्हाही नाही. तिसऱ्या घराबरोबर भजनातला पखवाज गेला. चौथ्या घरानं त्यांचा मळा ओसाड टाकला आणि त्यात रान माजलं. डुकरं त्या रानातून पाचव्याच्या भातात उतरायला लागली. माकडं होतीच. लावणीला एकमेकांकडे जायची रीत होती, ती सात घरांत चालते, पाचांत चालत नाही. पाचव्यानं भात सोडलं ते मुंबईच्या ओढीनं नाही, चौथ्यानं सोडलं म्हणून. मग त्याच्या सुनेनं विचारलं की शेती नाही तर इथे राहायचं कशाला. तिचं काय चुकलं? २०११ ला मी मोजलं तेव्हा नऊ घरं उघडी होती. आज पाच आहेत, त्यातल्या दोनांत एकेकटी बाई.

म्हणून मला तुमच्या बेताचा राग येतो. जी गोष्ट एकेका घरानं दुसऱ्याकडे बघून केली, ती कुठल्या घरापाशी, कुठल्या वर्षी, कशामुळे पुढे सरकली, हे कळण्याचं एकच साधन सरकारकडे आहे, दहा वर्षांनी एकदा येणारं. या वेळी तर सोळा वर्षांनी येतंय. त्यातच तुम्ही नऊ बंद घरं भरलेली दाखवणार. कागदावर आमची वाडी सत्तर माणसांची होईल. मग भरल्या गावाला कुणी विचारेल का, की एकट्या बाईला डॉक्टर किती लांब? दवाखान्याच्या गाडीची फेरी कुणी मागायची आणि कशाच्या जोरावर? सत्तर माणसांत धडधाकट तरुण चाळीस आहेत असं त्याच कागदावर दिसत असेल की!

आणखी एक बारीक फसवणूक आहे, ती तुमच्या हातात नाही, पण सांगून ठेवतो. मागच्या वेळी घरयादी आम्ही मे महिन्यात केली. मे म्हणजे तुम्ही सगळे गावात, आंबे, लग्नं, गोंधळ. दार उघडं, आत माणसं. दहा महिने कुलूप असलेलं घर त्या यादीत नांदतं दिसतं. या वेळीही तसं झालं तर मोजणाऱ्याला खरं काय ते आपण होऊन सांगा. सामान आहे पण राहतं कुणी नाही, हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही. वाटते, मला माहीत आहे. कुलूपबंद घर म्हणजे आईबापांना टाकलं असा अर्थ गावात लावतात. पण आईबापांच्या नावापुढे खोट्या सुना-नातवंडं लिहून त्यांची सोबत होत नाही.

मी कुठल्या तोंडानं हे बोलतो असं कुणी म्हणण्याआधी सांगतो. गेल्या वर्षापासून मी आणि ही बदलापूरला मुलाकडे असतो. हिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गावातून उजाडायच्या आत निघून, दोन गाड्या बदलून, परत येईपर्यंत रात्र, असं आम्ही पाच महिने केलं. मग ती एक दिवस एसटीच्या थांब्यावरच बसली आणि म्हणाली, आता नाही. आम्ही गेलो तेव्हा आमचं घर वाडीतलं नववं कुलूप झालं. आमच्या मागे कुणाचा धीर सुटला असेल तर ते पापही माझ्याच खात्यात. येत्या फेब्रुवारीत आम्ही बदलापुरात असू आणि तिथंच मोजले जाऊ. तीन वेळा ज्या रकान्यात मी दुसऱ्यांच्या नावापुढे खूण केली, त्यात या वेळी माझ्या नावापुढे होईल. कारण काय लिहायचं ते ठरवलंय. 'कुटुंबासोबत' लिहिणार नाही. 'इतर' लिहीन, आणि प्रगणकाला वेळ असेल तर काय ते सांगेन.

मग मंडळानं करायचं काय?

जन्मस्थान आणि आधीचं राहण्याचं ठिकाण नीट सांगायला लावा. आपली पोरं 'नेटिव्ह प्लेस?' विचारलं की 'कोकण' म्हणतात. कोकण नावाचा जिल्हा नाही. तालुका, जिल्हा सांगा. बदलापूर-विरारच्या आकड्यांत रत्नागिरी किती आणि सिंधुदुर्ग किती हे उमटलं तर गणपतीच्या जादा गाड्यांसाठी दर वर्षी पुढाऱ्यांच्या दारात उभं राहावं लागणार नाही. निदान उभं राहताना हातात कागद असेल.

दुसरं, तुमचं वर्गणीचं पुस्तक. मी गंभीरपणे बोलतोय. कोकणातल्या स्थलांतराची त्याच्याइतकी जुनी आणि घरवार नोंद दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. कुणाच्या मंडळाकडे पन्नास-साठ सालापासूनच्या वह्या असतील. कोण कुठल्या चाळीत होता, कधी उपनगरात गेला, कुणाची वर्गणी १९८२ नंतर थांबली, कुणाच्या नावापुढे 'गावी' असं लिहून रेघ मारली, सगळं त्यात आहे. आमच्या मंडळाच्या तीन वह्या एका सभासदाच्या पोटमाळ्यावर ओलीनं फुगल्यात, मी डोळ्यांनी पाहिल्यात. त्या वाळवा, उतरवून काढा. आणि त्याच धर्तीवर आजची यादी करा: घर कुणाचं, चावी कुणाकडे, घरात म्हातारं माणूस कोण, मुंबईत कोण कुठे, निवृत्त कोण कधी होणार, आणि त्यातलं परत यायचं कुणाच्या मनात आहे. शेवटचा रकाना सोडू नका. बेस्टमधून, महापालिकेतून, बँकांतून येत्या पाच वर्षांत सुटणारे आमच्या एका गावाचेच किती निघतील बघा. एकटा कुणी येणार नाही. आला तर टिकणार नाही, पाचव्या घराचं काय झालं ते वर लिहिलंय. पण एका वाडीतल्या चार घरांना आपापसांत कळलं की चौघांच्याही मनात तेच आहे, तर गोष्ट वेगळी. आज ते चौघं चार स्टेशनांवर राहतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच वेडे.

ही यादी जनगणनेच्या तक्त्यात घुसवायची नाही. ग्रामसभेत ठेवायची. फेब्रुवारीचा आकडा चाळीस आहे, गणपतीतला चारशे आहे, नळपाणी योजनेची टाकी बांधताना दोन्ही बघा, असं उघड मागायचं. खोटं बोलून सत्तर मिळवण्यापेक्षा या मागणीत जोर जास्त आहे. ग्रामसेवक आधी नाही म्हणतील. ते सगळ्यालाच आधी नाही म्हणतात.

आणि बागेतल्या, खाणीतल्या, बोटीवरच्या लोकांना मोजायला आलेल्या गुरुजींना, बाईंना 'ते आपले नव्हेत' असं कुणी सांगितलं तर त्याला गप्प करा. खोपट कुठे आहे ते दाखवायला कुणीतरी बरोबर जा. बागांत कुत्री असतात.

सभेची तारीख कळवा, दादरला असेल तर मी येईन. डायलिसिसचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार, ते सोडून ठेवा. दरम्यान घरयादीवाले वाडीत आले तर आमच्या घराची चावी खालच्या घरच्या वहिनींकडे आहे. पडवीतल्या कोनाड्यात ठेवत नाही आता, ती जागा माकडांनासुद्धा ठाऊक झालीय.

आपला,
एक निवृत्त गुरुजी
सध्या मुक्काम बदलापूर